मागच्या फळीपासून पुढे: फुटबॉल संघाची रचना आणि प्रेसिंग बसवण्याचा क्रम

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातल्या कोणत्याही मैदानावर सामना पाहत उभे राहिले, की साइडलाइनवरून एक आरोळी हमखास ऐकू येते: "प्रेस करा!" ती ऐकताच दोन आघाडीपटू जीव तोडून धावतात, मधली फळी जागेवरून पाहत राहते, मागची फळी आपल्या मोठ्या डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) तोंडाशीच उभी असते आणि प्रतिस्पर्धी दोन पासांत त्या दोघांना ओलांडून मोकळ्या मैदानात येतो. मध्यंतरात मग त्याच दोघांना बोलणी बसतात. मी स्वतः प्रशिक्षक म्हणून सलग दोन हंगाम हेच केले. आघाडीपटूंना आधी शिकवले, मागच्या फळीला सर्वांत शेवटी, आणि दोन्ही हंगामांत आम्हांला गोल झाले ते आमच्याच दोन फळ्यांमधल्या रिकाम्या जागेतून.

प्रेसिंग म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना त्याचा वेळ आणि जागा संपूर्ण संघाने मिळून कमी करणे. पुढच्या खेळाडूने धावायचे की नाही, हे मागची फळी किती वर आली आहे यावर ठरते. म्हणून पुढील टप्पे मागून पुढे मांडले आहेत. आधीचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा घेऊ नये, कारण घाईने घेतलेला टप्पा सामन्यात पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

## पूर्वतयारी

मैदान मोजून घ्यावे. नियमानुसार अकरा जणांच्या सामन्याचे मैदान लांबीला ९० ते १२० मीटर आणि रुंदीला ४५ ते ९० मीटर असू शकते. हा फरक फार मोठा आहे, त्यामुळे एका मैदानावर बसवलेली अंतरे दुसऱ्या मैदानावर तशीच चालत नाहीत. या लेखातील आकडे सुमारे १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद मैदान धरून दिले आहेत. आपले मैदान टेपने एकदा मोजावे. मोठे पाऊल साधारण एक मीटर भरते, पण आपले पाऊल नेमके किती भरते हेही त्याच वेळी तपासून ठेवावे, म्हणजे परगावच्या मैदानावर सामन्याआधी चालत जाऊन अंदाज घेता येतो.

फक्कीने पट्टे आखावेत. मोठ्या डीच्या दोन्ही बाजू आणि लहान डीच्या (गोलसमोरच्या लहान चौकटीच्या) दोन्ही बाजू संपूर्ण मैदानभर लांबवल्या, की मैदानाचे पाच उभे पट्टे तयार होतात. ६४ मीटर रुंदीच्या मैदानावर बाहेरचे दोन पट्टे सुमारे १२ मीटरचे, त्यांच्या आतले दोन ११ मीटरचे आणि मधला १८ मीटरचा होतो. सरावाचे पहिले तीन आठवडे या रेषा मैदानावर असाव्यात. "जवळ या" असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा "तिसऱ्या पट्ट्यात या" हे एकदा सांगितलेले खेळाडूला लवकर समजते.

हाका ठरवाव्यात. आपल्या भागातील संघात घरी मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारी मुले एकत्र खेळतात. धावताना प्रत्येक जण आपल्या सवयीची हाक देतो. एकाचे "मागे" आणि दुसऱ्याचे "हिंदे" यांचा अर्थ एकच असला, तरी तो समजायला लागणारा अर्धा सेकंदही या खेळात महाग पडतो. पूर्ण संघासाठी तीनच शब्द ठरवावेत: "बंद" म्हणजे आता सर्वांनी दाब द्यायचा, "वर" म्हणजे मागची फळी पुढे सरकवायची, आणि "मागे" म्हणजे दाब सोडून रचनेत परतायचे. "वर" आणि "मागे" या हाका गोलरक्षकाने किंवा सेंटर बॅकने (मागच्या फळीतल्या मधल्या बचावपटूने) द्याव्यात, कारण संपूर्ण मैदान समोर दिसते ते त्यांनाच.

दम योग्य प्रकारचा असावा. लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारून प्रेसिंगचा दम येत नाही. सामन्यात खेळाडू काही सेकंद जोरात धावतो, मग काही वेळ चालतो आणि पुन्हा धावतो. सरावही तसाच ठेवावा: सहा सेकंद धाव, तीस सेकंद चाल, अशी आठ आवर्तने, मग तीन मिनिटे विश्रांती, आणि असे तीन संच. उद्यमबागेतील कारखान्यात पाळी संपवून थेट मैदानावर येणारा खेळाडू आणि महाविद्यालयातून येणारा खेळाडू यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्याला दोनच संच द्यावेत आणि सामन्यातही त्याच्या जागी बदली खेळाडू तयार ठेवावा.

तपासणी: गोलरक्षकाला गोलरेषा सोडून पुढे उभे राहण्याची सवय आहे का, आणि दोन सेंटर बॅकपैकी किमान एक जण वेगाने मागे वळून धावू शकतो का, हे दोन प्रश्न आत्ताच विचारावेत. दोन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर या हंगामात उंच प्रेसिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच दाब देण्याचा, विचार बाजूला ठेवावा आणि चौथ्या टप्प्यात सांगितलेल्या मधल्या रेषेवरच थांबावे.

## टप्पा १: एका संघाच्या तीन रचना लिहून काढाव्यात

४-४-२ किंवा ४-३-३ हे प्रत्येक फळीतील खेळाडूंचे आकडे मागून पुढे वाचायचे असतात आणि त्यांत गोलरक्षक धरलेला नसतो. खरी अडचण अशी, की बहुतेक प्रशिक्षक हा आकडा एकदाच फळ्यावर लिहितात आणि खेळाडू त्याला आपली कायमची जागा समजतात. रचना चेंडू कोणाकडे आहे त्यानुसार बदलते. ४-३-३ खेळणारा संघ चेंडू गमावला की दोन्ही विंगर (बाजूचे आघाडीपटू) मागे घेऊन ४-५-१ होतो, आणि ३-५-२ मधले बाजूचे दोघे मागे आले की ५-३-२ होते.

म्हणून तीन कागद करावेत. पहिल्यावर चेंडू आपल्याकडे असतानाच्या जागा, दुसऱ्यावर चेंडू त्यांच्याकडे असतानाच्या जागा, आणि तिसऱ्यावर चेंडू हातचा गेला त्या क्षणी कोण कुठे जाईल याचे बाण. तिसरा कागद जवळपास कोणीच करत नाही, आणि बरेच गोल त्याच क्षणी होतात.

प्रेसिंग नव्याने शिकणाऱ्या संघाने बचावासाठी ४-४-२ घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. चार-चारच्या दोन सरळ फळ्या आणि त्यांच्यापुढे दोघे, ही आकृती खेळाडूच्या डोळ्यांना सहज दिसते, आणि कोणी जागा सोडली तर ती चूकही लगेच दिसते. आक्रमणात कोणतीही रचना असली, तरी चेंडू गेल्यावर या आकृतीत परतता येते. पुढील सर्व टप्पे तीच धरून लिहिले आहेत.

सावधान: दूरचित्रवाणीवर पाहिलेली रचना जशीच्या तशी उचलू नये. ४-३-३ मध्ये मधल्या तिघांना बाजूला सरकताना फार मोठे अंतर कापावे लागते, आणि आठवड्यातून दोनदाच सराव करणाऱ्या संघाला ते झेपत नाही.

## टप्पा २: अंतरे बसवावीत

सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना दोन फळ्यांमधील अंतर १० ते १२ मीटर असावे, म्हणजे मागच्या फळीपासून आघाडीपटूंपर्यंत एकूण २५ मीटरच्या आसपास. संघ थकल्यावर हे ३० पर्यंत वाढले तरी चालेल, त्यापलीकडे नाही. एकाच फळीतील शेजारच्या दोन खेळाडूंमध्ये ८ ते १० मीटर असावेत. चेंडू बाहेरच्या पट्ट्यात गेला, की संपूर्ण संघ चेंडूकडच्या तीन पट्ट्यांत मावला पाहिजे. हे तीन पट्टे मिळून सुमारे ४१ मीटर होतात. पलीकडचे दोन पट्टे पूर्ण रिकामे राहतील, आणि ते मुद्दाम रिकामे ठेवायचे आहेत.

सराव असा घ्यावा. सुरुवातीला चेंडू नकोच. प्रशिक्षकाने मैदानावर सहा ठिकाणी सहा रंगीत बिब (सरावाची बंडी) ठेवाव्यात आणि एकेका बिबचे नाव पुकारावे. चेंडू तिथे आहे असे समजून अकराही जणांनी एकत्र सरकावे, आणि शिटी वाजली की जागेवर थांबावे. मग प्रत्येकाने स्वतःच आपल्या शेजाऱ्यापासूनचे अंतर पावलांनी मोजावे. इटलीच्या एसी मिलान संघाचे पूर्वीचे प्रशिक्षक अरिगो साकी चेंडूविना असा सराव घेण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि मागच्या बचावपटूपासून पुढच्या आघाडीपटूपर्यंत २५ मीटर हा त्यांचाही आग्रह होता.

मागच्या चौघांसाठी दोरीचा उपयोग करावा. प्रत्येकी ८ मीटरचे तीन तुकडे घेऊन शेजारच्या दोघांनी त्यांची टोके हातात धरावीत आणि चेंडूच्या दिशेने सरकावे. दोरी ताणली गेली तर कोणी तरी मागे राहिला आहे, आणि जमिनीला लागली तर दोघे एकमेकांच्या अंगावर आले आहेत, हे सांगावे लागत नाही.

सावधान: दोरी कमरेला बांधू नये. एक जण घसरला तर बाकीचेही पडतात. ती हातात धरावी, म्हणजे गरज पडताच सोडता येते.

या टप्प्यावर एक चूक जवळपास प्रत्येक संघ करतो. चेंडू डावीकडे गेला, की डावीकडचे तिघे-चौघे नीट सरकतात, पण उजवा बॅक (मागच्या फळीतला) आणि उजवा हाफ (मधल्या फळीतला) आपापल्या साइडलाइनवरच उभे राहतात, कारण त्यांच्यासमोर प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू मोकळा दिसत असतो. त्यांना समजावून सांगावे, की त्या मोकळ्या खेळाडूपर्यंत चेंडू पोहोचायला चाळीस मीटरचा उंच फटका लागतो, आणि तो हवेत असताना आपल्याला सरकायला पुरेसा वेळ मिळतो. याउलट मध्यभागी सोडलेली फट दहा मीटरच्या साध्या जमिनीवरच्या पासने उघडते.

तपासणी: सलग दहा शिट्यांपैकी आठ वेळा सर्व अंतरे ठरलेल्या मापात आली, तरच पुढे जावे. यासाठी दोन आठवडे लागले तरी ते वाया गेले असे समजू नये.

## टप्पा ३: मागच्या फळीने वर कधी यावे, मागे कधी जावे

मागच्या चौघांनी प्रत्येक क्षणी एकच प्रश्न विचारायचा: चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दाब आहे का?

त्याची पाठ आपल्या गोलकडे असेल, त्याच्या अंगाशी आपला खेळाडू असेल किंवा चेंडू मागे पास झाला असेल, तर तो पुढे लांब फटका मारू शकत नाही. अशा वेळी "वर" ही हाक यावी आणि चौघांनी एकदम पाच-सहा मीटर पुढे यावे. पण तो मोकळा असेल, मान वर करून आपल्या गोलकडे पाहत असेल आणि पाय मागे घेत असेल, तर फटका बसण्यापूर्वीच चौघांनी मागे धाव घेतली पाहिजे. फटका बसल्यावर धावायला सुरुवात केली, तर तो उशीरच होय.

सरावात प्रशिक्षकाने फळीपासून वीस मीटरवर चेंडू घेऊन उभे राहावे. कधी पाठ फिरवावी, कधी चेंडू मागे न्यावा, कधी पाय मागे घेऊन फटक्याचा आव आणावा. चौघांनी फक्त प्रशिक्षकाच्या अंगाची ठेवण वाचून वर किंवा मागे जायचे. पंधरा मिनिटे पुरतात, पण हा सराव प्रत्येक वेळी झाला पाहिजे.

ऑफसाइडबद्दल, म्हणजे पास दिला जात असताना आघाडीपटू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असू नये या नियमाबद्दल, तीन गोष्टी मागच्या फळीला तोंडपाठ असाव्यात. प्रतिस्पर्धी स्वतःच्या अर्ध्या भागात असेल तर तो ऑफसाइड होत नाही, म्हणून आपली फळी मध्यरेषेच्या पुढे नेण्यात काही लाभ नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. यातील थ्रो-इनचा नियम विसरून झालेले गोल मी खूप पाहिले आहेत: फळी सवयीने वर येते, मागे राहिलेल्या आघाडीपटूला थ्रो मिळतो आणि बचावपटू पंचाकडे हात वर करून उभे राहतात. तिसरी गोष्ट अशी, की ज्या स्पर्धेत साइडलाइनवर अनुभवी सहायक पंच नसतील, तिथे ऑफसाइडच्या आशेवर फळी अजिबात ठेवू नये.

गोलरक्षकही या फळीसोबत सरकला पाहिजे. फळी मोठ्या डीच्या पुढे गेली, की तो पेनल्टीच्या ठिपक्याच्या आसपास, म्हणजे गोलरेषेपासून ११ मीटरवर किंवा थोडा पुढे असावा. फळी मध्यरेषेपाशी असेल तर तो मोठ्या डीच्या रेषेपर्यंत यावा. फळीच्या मागे पडणारा लांब चेंडू सर्वांत आधी त्याचाच असतो.

## टप्पा ४: दाब कोठून सुरू करायचा ते ठरवावे

मैदानावर एक काल्पनिक आडवी रेषा असते. प्रतिस्पर्ध्याने ती ओलांडेपर्यंत आपण फक्त आकृती धरून उभे राहतो, आणि चेंडू त्या रेषेच्या आत आला की दाब सुरू होतो. नव्या संघासाठी ही रेषा मध्यवर्तुळाच्या पलीकडच्या कडेला असावी. वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर असते, म्हणून आपले आघाडीपटू स्वतःच्या गोलरेषेपासून सुमारे ५९ मीटरवर उभे राहतात. दुसऱ्या टप्प्यातील २५ मीटर वजा केले, की मागची फळी ३४ मीटरवर, म्हणजे मोठ्या डीच्या रेषेपुढे १७-१८ पावलांवर येते. हे गणित खेळाडूंसमोर फळ्यावर मांडावे. आपण किती वर उभे राहायचे हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर नसून हिशेबावर ठरले आहे, हे कळल्यावर ते ती जागा मनापासून धरतात.

उंच प्रेसिंगमध्ये हेच गणित अवघड होते. आघाडीपटू प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या डीपाशी गेले, तर ते आपल्या गोलरेषेपासून सुमारे ८३ मीटरवर असतात. मागची फळी मध्यरेषेच्या, म्हणजे ५० मीटरच्या पुढे नेण्यात अर्थ नसल्याने मधले अंतर ३३ मीटर होते. आठ मीटरचा हा जादा भार मधल्या चौघांच्या पायांवर पडतो. म्हणून उंच प्रेसिंग दर सामन्यात ठराविक वेळेपुरतेच करावे, उदाहरणार्थ प्रत्येक अर्धातील पहिली सात-आठ मिनिटे.

गोल किकवर उंच प्रेसिंग करणाऱ्यांनी २०१९ चा बदल लक्षात ठेवावा. चेंडूला किक बसून तो स्पष्टपणे हलला की खेळ सुरू होतो आणि त्यांचा बचावपटू डीच्या आतच पास घेऊ शकतो, पण आपल्याला मात्र खेळ सुरू होईपर्यंत डीच्या बाहेर राहावे लागते. त्यामुळे डीच्या रेषेवर धावण्याच्या तयारीत उभे राहावे आणि चेंडू हलताच आत शिरावे. आपल्याकडील बरेच गोलरक्षक गोल किक थेट लांब मारतात. असा गोलरक्षक समोर असेल तर पुढे जाऊन उभे राहण्याने काहीच साधत नाही. मधल्या चौघांनी मागे येऊन चेंडू जिथे उतरून उसळेल त्याच्या भोवती जमावे आणि तो उसळलेला चेंडू जिंकावा.

## टप्पा ५: पहिला धावणारा

आता, चौथ्या आठवड्यात, आघाडीपटूंची पाळी येते. पहिल्या धावणाऱ्याने चेंडू हिसकावायचा नसतो. त्याने प्रतिस्पर्ध्यासाठी अर्धे मैदान बंद करायचे असते.

समजा त्यांच्या उजव्या सेंटर बॅककडे चेंडू आहे. आपला आघाडीपटू सरळ त्याच्या अंगावर धावला, तर त्याला डावीकडे व उजवीकडे दोन्ही पास मोकळे राहतात. त्याऐवजी आघाडीपटूने मैदानाच्या मधल्या बाजूने कमान घेत धावावे, म्हणजे दोन सेंटर बॅकमधला पास त्याच्या अंगाखाली झाकला जातो आणि चेंडू नेण्यासाठी एकच बाजू उरते. शेवटचे तीन मीटर राहिले की वेग कमी करावा, पावले लहान करावीत, अंग तिरके ठेवावे आणि गुडघे वाकवावेत. पूर्ण वेगात जाऊन पाय टाकणारा खेळाडू एका हुलकावणीत संपतो, आणि तो संपला की मागच्या नऊ जणांचे काम वाया जाते.

तपासणी: आघाडीपटू पोहोचल्यावर चेंडू दुसऱ्या बाजूला गेला का? गेला असेल तर धाव वेगाची असली तरी कोन चुकला होता.

## टप्पा ६: कोणत्या खुणेवर तुटून पडायचे

सतत दाब देणे कोणत्याही संघाला शक्य नसते. संपूर्ण संघाने एकाच वेळी निघावे यासाठी खुणा ठरवाव्या लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू लांब उडाला, त्याने गोलरक्षकाकडे किंवा मागे पास दिला, साइड बॅकने (मागच्या फळीतल्या कडेच्या बचावपटूने) साइडलाइनकडे तोंड करून चेंडू घेतला, दोन बचावपटूंमध्ये हळू आडवा पास गेला, किंवा उसळता चेंडू अंगावर आला, या नेहमीच्या खुणा आहेत. मागच्या पासवर निघण्याचे आणखी एक कारण असे, की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलरक्षकाला १९९२ पासून हाताने घेता येत नाही, त्यामुळे घाईत त्याला चेंडू लाथाडावाच लागतो.

सुरुवातीला या पाचपैकी दोनच खुणा निवडाव्यात: मागचा पास आणि साइड बॅककडे गेलेला पास. या दोन्ही कोणालाही लांबून दिसतात. पाचही खुणा एकदम शिकवल्या की तिघांना एक दिसते, चौघांना दुसरी, आणि संघ तुकड्या-तुकड्यांनी धावतो.

मैदानाप्रमाणे खुणांचे वजन बदलते. उन्हाळ्यात तांबड्या मातीचे कडक मैदान चेंडू वेडावाकडा उसळवते, पहिला स्पर्श वारंवार चुकतो आणि ती खूण सर्वांत जास्त फळ देते. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला मैदानावर पाणी साचते, आडवा पास मध्येच थांबतो, म्हणून तिथे हळू पासची खूण धरावी, मात्र धावणाऱ्याने थांबण्यासाठी दोन पावले जास्त ठेवावीत. निपाणी-चिकोडीकडची काळी माती बुटाला चिकटून पाय जड करते. अशा दिवशी दाबाची रेषा दहा मीटर मागे घेणे हाच शहाणपणा.

सावधान: चेंडूवाला मोकळा आणि आपल्याकडे तोंड करून असेल, तर ती कधीही खूण नाही. त्या वेळी आकृती धरून मागे सरकावे.

## टप्पा ७: साइडलाइनचा सापळा

साइडलाइन हा असा बचावपटू आहे जो कधी थकत नाही, म्हणून प्रतिस्पर्ध्याला मध्यभागापासून दूर ढकलून तिथे अडकवायचे. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. आपल्या डाव्या आघाडीपटूने कमान घेतल्याने त्यांच्या उजव्या सेंटर बॅकने राइट बॅककडे पास दिला. ही खूण आहे. "बंद" अशी हाक येते आणि चेंडू वाटेत असतानाच पुढील हालचाली एकाच वेळी होतात.

१. आपला डावा हाफ त्यांच्या राइट बॅककडे निघतो आणि आतल्या बाजूने येऊन मध्यभागाचा पास झाकतो. चेंडू पोहोचतो त्याच वेळी तोही तिथे पोहोचला पाहिजे.

२. डावा आघाडीपटू सेंटर बॅककडे परत जाणारा पास अडवतो.

३. दुसरा आघाडीपटू मागे येऊन त्यांच्या मधल्या, बचावापुढच्या खेळाडूला धरतो. सापळ्यातून सुटण्याची पहिली वाट तोच असतो, आणि बहुतेक सापळे ही जागा विसरल्यानेच फुटतात.

४. डाव्या बाजूचा सेंटर हाफ (मधल्या फळीतला आतला खेळाडू) जवळच्या मधल्या खेळाडूला धरतो आणि उजव्या बाजूचा त्याच्या जागी सरकतो.

५. आपला लेफ्ट बॅक त्यांच्या उजव्या विंगरच्या पाठीशी जातो. डावा सेंटर बॅक त्याच्या मागची जागा झाकतो आणि उरलेले दोघे दोरीच्या सरावाप्रमाणे आत सरकतात.

६. उजवा हाफ मैदानाच्या मधल्या पट्ट्यापर्यंत येतो. पलीकडचा त्यांचा लेफ्ट बॅक मोकळाच राहतो.

हे आधी चालत, मग हलक्या धावेने आणि शेवटी पूर्ण वेगाने करून घ्यावे. मग आठविरुद्ध सहा असा खेळ मैदानाच्या एका उभ्या अर्ध्यात लावावा: आठ जण प्रेस करणारे, सहा जणांनी चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा. दाब देणाऱ्यांनी चेंडू साइडलाइनपाशी जिंकला तर दोन गुण, इतरत्र जिंकला तर एक.

सर्वांत नेहमीची चूक वेळेची असते. डावा हाफ पास पोहोचल्यावर निघतो, राइट बॅक मान वर करतो आणि पुढे फटका मारतो. दुसरी चूक लेफ्ट बॅकची: आपल्या हाफने चेंडूवाल्याला गाठलेले नसतानाच तो विंगरकडे झेपावतो आणि आपल्या मागची जागा उघडी करतो. त्याने हाफ पोहोचल्याची खात्री झाल्यावरच निघावे.

## टप्पा ८: चेंडू मिळाल्यावर आणि गमावल्यावर

चेंडू जिंकला त्या क्षणी भोवती गर्दी असते. पहिला पास शक्य तर पुढे, नाही तर गर्दीबाहेरच्या मोकळ्या खेळाडूकडे द्यावा. जिंकलेला चेंडू पायात घोळवत ठेवणाऱ्याकडून तो दोन सेकंदांत परत जातो.

चेंडू आपण गमावला, तर जवळच्या दोघा-तिघांनी पाच सेकंद तिथेच दाब द्यावा. पाच सेकंदांत मिळाला नाही तर "मागे" ही हाक यावी आणि सर्वांनी धावत दुसऱ्या कागदावरच्या आकृतीत परतावे. चालत परतणाऱ्याला पुढच्या सामन्यात राखीव बसवले तरी चालेल, इतके हे महत्त्वाचे आहे. हे साधण्यासाठी आक्रमणाच्या वेळीही मागे किमान तिघे आणि त्यांच्यापुढे एक-दोन हाफ राहिलेच पाहिजेत. दोन्ही साइड बॅक एकाच वेळी पुढे गेले, की पाच सेकंदांचा दाब चुकताच मागे अडवायला कोणी उरत नाही.

सावधान: हुकलेल्या दाबानंतर मागून पाय टाकणे किंवा जर्सी ओढणे ही पिवळ्या कार्डाची सर्वांत सोपी वाट आहे. एक कार्ड मिळालेल्या खेळाडूला पहिल्या धावणाऱ्याच्या जागेवर ठेवू नये.

## टप्पा ९: सामन्याच्या दिवशी

सात जणांच्या स्पर्धेत हीच पद्धत २-३-१ रचनेने चालते. मैदान लहान असल्याने फळ्यांमधील अंतर सहा-सात मीटरवर आणावे आणि खूण एकच ठेवावी, साइडलाइनकडे गेलेला पास. एखाद्याला लाल कार्ड मिळून दहा जण उरले, तर ४-४-१ करावी, दाबाची रेषा आपल्या अर्ध्या भागात आणावी आणि सापळा फक्त साइडलाइनपाशी लावावा.

एका राखीव खेळाडूकडे वही द्यावी आणि तीन रकाने आखून द्यावेत. आपण दाब दिल्यावर चेंडू जिंकला किंवा त्यांनी तो बाहेर मारला, तर पहिल्या रकान्यात रेघ. ते आडव्या पासने दुसऱ्या बाजूला सुटले, तर दुसऱ्यात. आपल्या दोन फळ्यांमधून किंवा मागच्या फळीवरून पुढे गेले, तर तिसऱ्यात. मध्यंतरात बोलण्यापूर्वी ही वही पाहावी. दुसऱ्या रकान्यात रेघा जास्त असतील तर आघाडीपटूंच्या धावेचा कोन सुधारावा. तिसऱ्यात जास्त असतील तर आघाडीपटूंना काहीही बोलू नये. सेंटर बॅक आणि गोलरक्षकाला बाजूला घेऊन फळी कितव्या मीटरवर उभी होती ते विचारावे, आणि दुसऱ्या अर्धात ती आठ पावले पुढे आणावी. तिथला खेळाडू थकल्याने ती पुढे येणे शक्य नसेल, तर आघाडीपटूंना तेवढीच आठ पावले मागे बोलवावे.